एचआयव्हीसह वाढणाऱ्या मुलामुलींना साथ देताना: एआरटी केंद्र, घर आणि शाळा

जन्मतः एचआयव्हीची लागण झालेल्या मुलाला औषध वेळेवर सुरू झाले आणि ते न चुकता चालू राहिले, तर ते इतर मुलांसारखेच वाढते, शिकते, नोकरीला लागते आणि संसार करते. भारतातील सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारा औषधोपचार, १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली आणि मुलांसाठीचा स्वतंत्र राष्ट्रीय उपक्रम ३० नोव्हेंबर २००६ रोजी. त्या सुरुवातीच्या वर्षांत ज्या बाळांना औषध मिळाले, ती आज तरुण झाली आहेत. औषध आहे, ते मोफत आहे आणि गुणकारीही आहे. तरीही वयात येताना अनेक मुले उपचारांतून निसटतात. आई किंवा वडील, कधी दोघेही गेलेले असतात, आजी थकलेली असते, मूल मामाकडून काकांकडे आणि काकांकडून वसतिगृहात जाते, आणि या सगळ्या प्रवासात आपण रोज रात्री ही गोळी कशासाठी घेतो हे त्याला कुणीही सांगितलेले नसते.

म्हणून पुढील सर्व सूचनांमागे एकच आग्रह आहे: मुलाला आपल्या आजाराची माहिती वयाला झेपेल तशी मिळत जावी आणि उपचारांचा कारभार हळूहळू त्याच्याच हाती यावा. सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनी, मावशी-काकांनी, वसतिगृहाच्या अधीक्षकांनी, आशाताईंनी आणि समुपदेशकांनी हे काम वाटून घ्यावे लागते. कोणते औषध आणि किती मात्रेत, हा निर्णय मात्र एआरटी केंद्रातील डॉक्टरांचाच असतो.

पहिले अठरा महिने

एचआयव्हीसह जगणाऱ्या आईच्या बाळाची साधी रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, तर त्यावरून बाळाला लागण झाली असे ठरत नाही, कारण आईच्या रक्तातील प्रतिपिंडे (संसर्गाशी लढणारी प्रथिने, जी ही तपासणी शोधते) बाळाच्या शरीरात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यासाठी बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब विशिष्ट कागदावर वाळवून विषाणूची थेट तपासणी केली जाते. ही तपासणी सहाव्या आठवड्यात, पुढे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात होते आणि अठराव्या महिन्यात अंतिम निदान केले जाते. सहाव्या आठवड्याची तारीख लसीकरणाच्या तारखेला लागूनच येते, त्यामुळे आशाताईंनी दोन्ही कामे एकाच फेरीत करून घेतली तर आईची एक खेप आणि एक दिवसाची मजुरी वाचते. सहा आठवड्यांपासून बाळाला कोट्रायमोक्साझोल हे इतर संसर्गांपासून वाचवणारे औषध सुरू होते, आणि लागण नसल्याचे पक्के होईपर्यंत ते थांबवायचे नसते. लागण आढळली तर कोणत्याही लक्षणाची वाट न पाहता एआरटी त्वरित सुरू करावी लागते, कारण उपचार न मिळालेल्या बाळांमध्ये आजार मोठ्यांपेक्षा फार वेगाने बळावतो.

केंद्रातील प्रत्येक भेटीत काय घडायला हवे

अनेक केंद्रांत गर्दी इतकी असते की मुलाची भेट म्हणजे गोळ्यांची डबी हातात पडण्याचा क्षण उरतो, आणि पुष्कळदा मूल घरीच असते, आजी एकटीच औषध घेऊन जाते. ही सवय मोडली पाहिजे. मूल वाढते, त्याचे वजन वाढते आणि वजनानुसार औषधाची मात्रा बदलते. उदाहरणार्थ, डोल्युटेग्रॅव्हिर या एआरटीतील औषधाची पाण्यात विरघळणारी १० मिलिग्रॅमची गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या मात्रेनुसार ३ ते ६ किलो वजनाच्या बाळाला अर्धी लागते, तर १४ ते २० किलोच्या मुलाला अडीच. वजन न करता मागच्याच मात्रेची डबी वर्षभर मिळत राहिली, तर मूल रोज औषध घेऊनही कमी औषधावर राहते आणि विषाणूला त्या औषधाला दाद न देण्याची संधी मिळते. त्यामुळे दर भेटीत वजन आणि उंची मोजली गेली का, ती मुलाच्या उपचारांच्या पुस्तिकेत लिहिली गेली का आणि मात्रा पुन्हा तपासली गेली का, हे सांभाळणाऱ्या व्यक्तीने न संकोचता विचारावे. वजन सलग दोन भेटींत वाढलेच नसेल, तर त्याचे कारण शोधल्याशिवाय घरी परतू नये.

क्षयरोगाची चौकशी प्रत्येक भेटीत व्हायला हवी. मुलांच्या बाबतीत चार प्रश्न पुरतात: खोकला आहे का, ताप आहे का, वजन वाढायचे थांबले आहे का, आणि घरात किंवा शेजारी कुणाला क्षयरोग झाला आहे का. एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तर पुढील तपासणी करावी. चारही उत्तरे नकारार्थी असतील तर क्षयरोग होऊ नये म्हणून देण्यात येणाऱ्या प्रतिबंधक औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलावे. क्षयरोगावर रिफाम्पिसिन सुरू झाल्यास डोल्युटेग्रॅव्हिर दिवसातून एकदाऐवजी दोनदा द्यावे लागते. क्षयाची औषधे दुसऱ्या दवाखान्यातून मिळत असतील, तर दोन्हीकडच्या नोंदी दोन्ही डॉक्टरांना दाखवणे ही काळजी घरच्यांनाच घ्यावी लागते.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, उपचार सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासले जाते. रक्त देऊन आल्यावर अहवाल काय आला हे विचारायला अनेक कुटुंबे विसरतात, किंवा कचरतात. एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या १,००० किंवा त्याहून अधिक प्रती आढळल्या, तर तो मुलाला रागावण्याचा प्रसंग नव्हे. समुपदेशकाने मुलासोबत आणि घरच्यांसोबत वेगवेगळे बसून गोळी नेमकी कुठे चुकते हे शोधावे, अडचण दूर करावी आणि नियमित गोळ्या घेतल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, अशी पद्धत आहे. त्यानंतरही प्रमाण उतरले नाही, तर औषध बदलण्याचा विचार होतो. लहान वयातच दुसऱ्या फळीच्या, म्हणजे पहिली औषधे निकामी ठरल्यावर द्यायच्या, औषधांवर गेलेल्या मुलासमोर पुढच्या साठ वर्षांसाठी पर्याय कमी उरतात, हे लक्षात घेतले तर या तीन महिन्यांचे मोल कळते.

घरातील गोळी

महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी दोन चुकल्या तरी नियमितपणा आवश्यक मानल्या जाणाऱ्या ९५ टक्क्यांच्या खाली घसरतो. त्यामुळे गोळीची वेळ ठरवताना घड्याळापेक्षा घरचा दिनक्रम पाहावा. रात्रीच्या जेवणानंतर सगळे घरात असतात, की सकाळी शाळेला निघताना आजी हमखास समोर असते? जी वेळ रविवारी, सणावाराला आणि परीक्षेच्या दिवसांतही टिकेल, तीच निवडावी. गोळी चुकली तर आठवताच घ्यावी. मात्र डोल्युटेग्रॅव्हिरच्या पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल, तर चुकलेली सोडून द्यावी आणि दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. गोळी घेताच उलटी झाली तर काय करायचे, हे पहिल्याच भेटीत विचारून पुस्तिकेत लिहून घ्यावे, कारण ती वेळ बहुधा रात्रीची असते.

शाळेत मिळणारी लोहाची गोळी हा फारसा लक्षात न येणारा मुद्दा आहे. प्राथमिक शाळेत गुलाबी आणि पुढच्या वर्गांत निळी, अशी लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी आठवड्यातून एकदा दिली जाते. मुलांना ती आवश्यकच आहे, पण लोह आणि कॅल्शियम यांच्यामुळे डोल्युटेग्रॅव्हिर शरीरात नीट शोषले जात नाही. डोल्युटेग्रॅव्हिर लोहाच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे. किंवा दोन्ही गोळ्या जेवणासोबत एकाच वेळी घेतल्या तरी चालते. एआरटीची वेळ रात्रीची असेल, तर शाळेतील गोळी आपोआपच लांब राहते. आम्लपित्तासाठी दुकानातून आणलेल्या औषधांबाबतही वेळेचे हेच अंतर पाळावे आणि कोणतेही नवे औषध, काढा किंवा चूर्ण सुरू करण्यापूर्वी केंद्रात विचारावे.

मुलाच्या औषधांत अबॅकॅव्हिर असेल तर पहिले सहा आठवडे विशेष लक्ष ठेवावे. ताप, अंगावर पुरळ, उलट्या, पोटदुखी, श्वास लागणे अशी लक्षणे एकत्र दिसू लागली आणि प्रत्येक गोळीनंतर वाढत गेली, तर त्याच दिवशी केंद्र गाठावे. या कारणासाठी डॉक्टरांनी हे औषध एकदा बंद केले, की ते पुन्हा कधीही सुरू करायचे नसते. दुसऱ्या वेळची प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. म्हणून ही नोंद पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत असावी.

दहा वर्षांच्या आसपास मुलाने स्वतः डबी उघडून सर्वांसमक्ष गोळी घ्यावी, बाराव्या-तेराव्या वर्षी पुढील तारीख स्वतः लक्षात ठेवावी, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी केंद्रातील बोलणे स्वतः करावे, मोठ्यांनी बाजूला बसावे. हा क्रम प्रत्येक मुलाच्या समजेनुसार मागेपुढे होईल. एवढे मात्र पक्के आहे की सतराव्या वर्षापर्यंत सगळे आजीने केले आणि अठराव्या वर्षी एकदम मुलाच्या गळ्यात टाकले, तर गोळ्या सुटतात.

आजाराविषयी सांगणे

घरातील मोठ्यांना सर्वांत जड जाते ते हेच, आणि त्याला कारणे आहेत. मूल कुणाजवळ तरी बोलून बसेल, गावात वाच्यता होईल, ते खचेल, आईवडिलांना दोष देईल, अशी भीती असते. ही भीती खोटी नाही, आणि समुपदेशकाने ती हसण्यावारी नेऊ नये. पण दुसरी बाजूही आजीसमोर तितक्याच शांतपणे मांडावी. मूल दवाखान्याच्या भिंतीवरील फलक वाचते, डबीवरचे नाव मोबाइलवर शोधते, नववी-दहावीच्या पुस्तकात या आजाराची माहिती समोर येते तेव्हा तुकडे जोडते. मग त्याला आजारापेक्षा जास्त लागते ते आपल्या माणसांनी लपवल्याचे, आणि त्या रागात सुटते ती गोळीच. घरच्यांच्या तोंडून कळलेले आणि असे एकट्याने कळलेले, या दोन्हींच्या परिणामांत मोठा फरक पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये दिलेला सल्ला असा आहे की शाळेत जाणाऱ्या, म्हणजे साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्यांची स्थिती सांगावी आणि त्याहून लहान मुलांना वयाला साजेल अशी थोडी थोडी माहिती द्यावी. यासाठी एकच दिवस ठरवून सगळे सांगून टाकू नये. हे बोलणे काही वर्षे चालते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला “तुझ्या अंगात एक जंतू आहे, ही गोळी घेतली की तो झोपून राहतो, एक दिवस जरी चुकली तरी तो जागा होऊ लागतो” एवढे पुरते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला रक्तातील पांढऱ्या पेशी काय करतात, जंतू त्यांच्यावर कसा हल्ला करतो आणि औषध त्याला कसे रोखते, हे चित्र काढून समजते. जंतूचे नाव सांगण्यापूर्वी मुलाला काय माहीत आहे ते विचारून घ्यावे: “तू इथे कशासाठी येतोस, तुला काय वाटतं?” पुष्कळदा मूल बरेच काही आधीच ओळखून असते, फक्त घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून गप्प राहिलेले असते.

नाव सांगण्याचा प्रसंग शक्यतो केंद्रात, समुपदेशकाच्या उपस्थितीत, पण मुलाला सर्वांत जवळचे वाटणाऱ्या माणसाच्या तोंडून घडावा. परीक्षेच्या तोंडावर, घरात कुणी गेल्यानंतर लगेच, किंवा मूल तापाने फणफणलेले असताना हा विषय काढू नये. बोलणे झाल्यावर मुलाला घाईने समजावू नये. ते रडेल, चिडेल, किंवा काही झालेच नाही असे दाखवून खेळायला निघून जाईल, आणि या सर्व प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत. आठवड्याभरात समुपदेशकाने स्वतःहून फोन करावा आणि पुढील भेट महिन्याच्या आत ठेवावी. खरे प्रश्न त्याच काळात येतात.

ते प्रश्न कोणते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे, म्हणून उत्तरे आधी मनात घोळवून ठेवावीत. “मी मरणार का?” या प्रश्नावर “छे, असं बोलू नये” म्हणून विषय बंद करू नये, “औषध घेत राहिलास तर तू म्हातारा होईपर्यंत जगशील, आणि औषध तुला कायम मिळत राहील” असे स्पष्ट उत्तर द्यावे. “मला हे कुणामुळे झालं?” याचे उत्तर देताना आईवडिलांवर ठपका येऊ देऊ नये: “आईला हा जंतू तिच्याही नकळत लागला होता, त्या वेळी तो बाळाला लागू नये म्हणून करायचे उपाय तिच्यापर्यंत पोहोचले नाहीत, यात तिची चूक नाही आणि तुझी तर मुळीच नाही.” “आई कशाने गेली?” या प्रश्नाला जर आजवर कावीळ किंवा अपघात असे उत्तर दिले गेले असेल, तर आजीने ते दुरुस्त करावे आणि तसे का सांगितले होते हेही बोलावे. मूल त्या कबुलीने दुरावत नाही. उलट, पुढे अडचण आली की कुणाकडे जायचे हे त्याला कळते.

कुणाला सांगायचे आणि कुणाला नाही, हेही त्याच बैठकीत ठरवावे. मुलाकडून आयुष्यभराच्या मौनाचे वचन घेऊ नये, कारण ते ओझे त्याला पेलणार नाही. त्याऐवजी ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल अशा दोन-तीन माणसांची नावे त्याने स्वतः निवडावी आणि इतर कुणाला सांगावेसे वाटले तर आधी त्यांच्यापैकी एकाशी बोलावे, असा करार करावा. गोळी कशाची असे वर्गमित्राने विचारले तर काय उत्तर द्यायचे, याचा सरावही करून घ्यावा.

शाळा, वसतिगृह आणि ऊसतोडीचा हंगाम

मुलाची स्थिती शाळेला कळवण्याचे कोणतेही बंधन पालकांवर नाही. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार प्रवेश नाकारणे, वेगळे बसवणे, प्रवेशासाठी एचआयव्ही तपासणीची अट घालणे यांस मनाई आहे, आणि एखाद्याची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणे हाही या कायद्याचा भंग आहे. एकत्र डबा खाल्ल्याने, खेळल्याने, एकच शौचालय वापरल्याने विषाणू पसरत नाही. खरचटल्यावर करायचे प्रथमोपचार प्रत्येक मुलासाठी सारखेच, हातमोजे घालून, करायचे असतात. त्यासाठी कुणाला काय आहे हे शिक्षकांना माहीत असण्याची गरज नाही. सहा महिन्यांतून दोन-तीन दिवसांच्या रजेसाठी “नियमित औषधोपचार” एवढे कारण पुरेसे आहे.

वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत परिस्थिती थोडी वेगळी असते, कारण तिथे गोळ्यांची डबी लपवून ठेवणे म्हणजे ती चुकण्याला आमंत्रण देणे. अशा ठिकाणी मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने एकाच विश्वासू व्यक्तीला, अधीक्षकांना किंवा परिचारिकेला, माहिती द्यावी. गोळ्या साध्या डबीत काढून द्याव्यात, पण मूळ डबी आणि पुस्तिका त्या व्यक्तीकडे कुलुपात असावी. सुट्टीत घरी जाताना आणि परत येताना गोळ्या मोजून द्याव्यात. महाराष्ट्रात मानव्य, स्नेहालय, लातूर जिल्ह्यातील हासेगावचे सेवालय, पंढरपूरची पालवी अशा संस्थांनी ज्यांना घरच उरले नाही अशा मुलांना वाढवले आहे. त्यांच्या कामाबद्दल मनापासून आदर बाळगूनही असे म्हणावे लागेल की आजी, मावशी किंवा मोठा भाऊ सांभाळायला तयार असेल, तर त्या घराला आधार देऊन मूल तिथेच ठेवण्याचा प्रयत्न आधी व्हावा.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळा लागताना परततात. उचल घेतलेली असल्याने मुकादमाकडे रजा मागणे अवघड असते, आणि नेमक्या याच महिन्यांत मुलांच्या गोळ्या खंडित होतात. गावाकडचे केंद्र शेकडो किलोमीटर दूर राहते. हे टाळायचे असेल तर तयारी निघण्याच्या एक महिना आधी करावी. समुपदेशकाला कारखान्याचे नाव आणि तालुका सांगावा; व्हायरल लोड नियंत्रणात असल्यास अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतील का हे विचारावे; आणि तिथले सर्वांत जवळचे एआरटी केंद्र किंवा त्याला जोडलेले औषधे देणारे लिंक एआरटी केंद्र कोणते याची नोंद पुस्तिकेत करून घ्यावी. परगावी असताना पुस्तिका दाखवून त्या भागातील केंद्रातूनही औषध घेता येते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र वजन वाढले की मात्रा बदलते, त्यामुळे पाच महिन्यांचा साठा दिला असला तरी मध्ये एकदा तिथल्या आरोग्य केंद्रात वजन करून ते फोनवर कळवावे. मूल आजीजवळ गावी राहणार असेल तर औषध, पुस्तिका आणि समुपदेशकाचा फोन नंबर आजीच्या हाती देऊनच टोळीने गाव सोडावे.

तेरा ते अठरा

या वयात नियमित गोळ्या घेणारे मूलही अचानक कंटाळते. मित्रांसोबत सहलीला जायचे असते, उंची कमी राहिल्याचे किंवा वयात येणे लांबल्याचे खुपत असते, आणि “मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?” असा प्रश्न मनात घर करतो. “गोळ्या घेतोस ना?” असे विचारले की “हो” हेच उत्तर येते, त्यामुळे प्रश्न बदलावा: “मागच्या आठवड्यात कोणता दिवस अवघड गेला?” चुकल्याचे खरे सांगणाऱ्या मुलाला शिक्षा झाली, तर पुढच्या वेळी खरे कळणार नाही. व्हायरल लोडचा आकडा मुलालाच वाचून दाखवावा आणि त्याचा अर्थ त्यानेच सांगावा, असा प्रघात पाडला तर गोळी आणि आकडा यांचा संबंध त्याला स्वतःहून उमगतो. केंद्रात महिन्यातून एक दिवस फक्त किशोरवयीनांसाठी ठेवणे, तो शाळा बुडणार नाही असा निवडणे, आणि आधी याच वाटेने गेलेल्या एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला त्या दिवशी बोलावणे, एवढ्यानेही मुले परत येऊ लागतात. त्यांना मोठ्यांच्या दहा व्याख्यानांपेक्षा नोकरी करणारी, लग्न झालेली, याच गोळ्या घेणारी ताई समोर दिसणे अधिक धीर देते.

प्रेम, शरीर आणि लग्न यांविषयीचे बोलणे टाळून चालत नाही. औषधे नियमित घेऊन विषाणूचे प्रमाण तपासणीत सापडणार नाही इतके कमी राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी, कारण “माझ्यामुळे कुणाला तरी होईल” ही भीती अनेकांना आतून पोखरत असते. त्याचबरोबर निरोधचा वापर, नको असलेली गर्भधारणा टाळणे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस, आणि पुढे एचआयव्हीमुक्त बाळ होऊ शकते ही माहिती मुलगे आणि मुली दोघांनाही द्यावी. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखालील किशोरवयीनांच्या क्लिनिकांतही या विषयांवर मोकळेपणाने बोलता येते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले, तर पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही, हे समुपदेशकाने बोलणे सुरू होण्यापूर्वीच सांगावे.

मूल एकटे राहू लागले, झोप उडाली, खाणे सुटले, स्वतःला इजा करण्याचे बोलू लागले, तर ते वयाचे चाळे समजून सोडू नये. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. मुलांच्या संरक्षणासाठी १०९८ आणि एचआयव्हीविषयी माहिती किंवा तक्रारीसाठी १०९७ हे क्रमांक मोफत आहेत.

पैसा, कागद आणि मालमत्ता

महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून एचआयव्हीबाधित मुलांसाठी अर्ज करता येतो. २०२३ पासून या योजनेतून महिना २,२५० रुपयांची मदत मिळते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करावा लागतो आणि मंजुरी बालकल्याण समितीच्या आदेशाने होते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही एड्सबाधितांचा समावेश आहे, आणि एसटीच्या प्रवासातील सवलतीबद्दल केंद्रातच विचारावे. हे अर्ज भरताना गावातल्या सेतू केंद्रात आजाराचे नाव मोठ्याने उच्चारले जाते, अशी तक्रार अनेक कुटुंबे करतात. जिल्हा एड्स नियंत्रण पथकातील, म्हणजे डापकूतील, कर्मचारी किंवा काळजी व आधार केंद्राचा कार्यकर्ता सोबत आला तर कागद बंद पाकिटात थेट अधिकाऱ्याकडे देता येतो.

आईवडील गेल्यावर शेत आणि घर नातेवाइकांच्या ताब्यात जाते, ही गोष्ट नवी नाही. वर उल्लेखिलेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात यावर तरतूद आहे: मुलाच्या मालमत्तेचे कागद सुरक्षित ठेवण्यासाठी, किंवा त्याला मालमत्तेतून बेदखल केले जात असल्याची तक्रार करण्यासाठी बालकल्याण समितीकडे जाता येते. आणखी एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. घर सांभाळण्याची पुरेशी समज असलेले बारा ते अठरा वर्षांचे भावंड आपल्या धाकट्या भावंडाचे शाळाप्रवेश, बँक खाते, मालमत्ता, उपचार यांसाठी पालक म्हणून काम पाहू शकते. तेरा-चौदा वर्षांची ताई धाकट्याला घेऊन केंद्रात येते तेव्हा “मोठ्या माणसाला घेऊन ये” म्हणून तिला परत पाठवण्यापूर्वी हे आठवावे. शाळेत किंवा रुग्णालयात भेदभाव झाल्यास त्याच संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि पुढे राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे दाद मागता येते.

मोठ्यांच्या रांगेत जाताना

अठराव्या वर्षी मुलाची फाइल मोठ्यांच्या टेबलावर सरकते. त्याच सुमारास ते बारावी संपवून पुण्याला, नागपूरला किंवा मुंबईला जाते. ओळखीच्या डॉक्टरांच्या जागी अनोळखी चेहरे, लांब रांग आणि शेजारी कुणीच नाही, अशा स्थितीत पहिली भेट हुकली की दुसरीही हुकते. म्हणून फाइल हलवण्याच्या वर्षभर आधीपासून तयारी करावी. आपण कोणती औषधे घेतो, त्यांची नावे आणि मात्रा, आजवर कोणती औषधे बदलली आणि का, शेवटचा व्हायरल लोड किती होता, कोणत्या औषधाची प्रतिक्रिया आली होती, हे मुलाने न पाहता सांगता येईपर्यंत शिकावे. बदलीचे पत्र, पुस्तिकेची छायाप्रत, जुन्या अहवालांचे फोटो आणि आधार कार्ड एका फाइलमध्ये असावे. हाताशी किमान दोन महिन्यांच्या गोळ्या असतील अशाच वेळी बदली करावी, म्हणजे नव्या शहरात वसतिगृह मिळण्याच्या धावपळीत खंड पडणार नाही.

शक्य असेल तर जुन्या केंद्रातील समुपदेशकाने नव्या केंद्रातील समुपदेशकाला आधी फोन करून मुलाचे नाव आणि येण्याची तारीख सांगावी, आणि त्या तारखेनंतर तीन दिवसांत मूल पोहोचले का याची खात्री करावी. पोहोचले नसेल तर घरी निरोप धाडण्याऐवजी थेट त्या मुलाला किंवा मुलीलाच फोन करावा.